मुलीचं गणित आणि आईची झोप

अलकनंदा घारपुरेने झोपायचं ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात ठरवायचं काय? माणूस आडवा झाला की झोपतो. असं म्हणणारे तुम्ही बहुधा पुरुष असाल, नाहीतर तुमच्या घरी सहावीतली मुलगी, रोज गुरुग्रामला जाणारा नवरा आणि स्वतःची सरकारी नोकरी ही तिन्ही एकदम नसतील. अलकनंदाच्या घरी होती. नोएडात सेक्टर बासष्टला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, आणि दिल्लीत एका मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसरची खुर्ची. पहाटे पाचला उठायचं, तीन डबे भरायचे (नवऱ्याला भेंडी चालत नाही, मुलीला भेंडीच चालते, आणि तिसऱ्या डब्यात जे उरेल ते), मुलीला बसमध्ये बसवायचं, मेट्रो पकडायची, राजीव चौकला बदलायची, दिवसभर फायली, मग परत मेट्रो, परत पोळ्या, परत होमवर्क. असं किती वर्षं? मुलगी अकरा वर्षांची आहे, त्यात पोटात असतानाचे नऊ महिने मिळवा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला एकदा मेट्रोत चक्क बसायला जागा मिळाली. बसली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी द्वारकेला, अगदी शेवटच्या स्टेशनात उभी होती, डबा रिकामा होता आणि तिचं डोकं एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर होतं. त्या बाईंना झंडेवालानला उतरायचं होतं. झंडेवालान जाऊन पाऊण तास झाला होता.

"माताजी, उठाया क्यों नहीं?" अलकनंदा ओशाळून म्हणाली.

"बेटा, तू ऐसी सोई थी, मन नहीं हुआ," म्हाताऱ्या बाई खांदा चोळत म्हणाल्या आणि समोरच्या परतीच्या गाडीत जाऊन बसल्या.

अलकनंदा प्लॅटफॉर्मवर उभी राहून रडली. चांगली हुंदके देऊन रडली. घरातल्या, सासरच्या, माहेरच्या एकाही माणसाला जे अकरा वर्षांत सुचलं नव्हतं, ते एका परक्या बाईला झंडेवालानला सुचलं. डोळे पुसता पुसता तिने ठरवलं: बास. आता झोपायचं. पोटभर. कुणी उठवणार नाही असं, दिवसाढवळ्या, रजई डोक्यावरून घेऊन.

झोपायला रजा हवी. किरकोळ रजा केव्हाच संपल्या होत्या (मुलीचा ताप, मुलीची पालकसभा, मुलीची नाचाची स्पर्धा, आणि एक नवऱ्याचा दात). अर्जित रजा गावाकडच्या लग्नांसाठी राखीव. आजारपणाची घ्यावी तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि 'बाईंना झोप येते' असं कुठला डॉक्टर लिहून देणार? उरली बाल संगोपन रजा. ही सरकारने आयांना दिलेली खास रजा. मुलांचं आजारपण, परीक्षा असलं काही कारण दाखवलं की मिळते. आईची झोप हे कारण त्यात बसत नाही.

पुढच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, मुलीची, म्हणजे शिवांजलीची, चाचणी परीक्षा होती. अलकनंदाचे डोळे चमकले. नवरा सकाळी पावणेआठला गुरुग्रामला जाणार. मुलगी शाळेत. घरात कामाला येणारी सोनम नऊला सगळं आवरून जाणार. मग रिकामं घर, बाल्कनीतून आत येणारं डिसेंबरचं ऊन, आणि रजई. पाच दिवस! तिने त्याच दिवशी अर्ज लिहिला.

अवर सचिव मॅडमनी तो चष्म्याच्या वरून वाचला.

"घारपुरे जी, संसद चल रही है, पता है ना?"

"जी मॅडम. बेटी की परीक्षा है."

"कौन सी क्लास?"

"छठी."

"छठी में काहे की परीक्षा होती है?" मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. टोपण लागलं की अर्ज गेला, हे सगळ्या सेक्शनला ठाऊक होतं.

इथे अलकनंदाची जीभ घसरली. "मॅडम, वो गणित में बहुत कमज़ोर है," ती म्हणाली. "बहुत ही."

शिवांजली गणितात वर्गात पहिली होती. मागच्या चाचणीत चाळीसपैकी चाळीस. पण टोपण पुन्हा निघालं, सही झाली, आणि आपण पोटच्या पोरीचं नाव खराब केलं ह्याचं अलकनंदाला जेमतेम दोन मिनिटं वाईट वाटलं. झोप डोळ्यांवर आली की माणूस काय काय विकेल, सांगता येत नाही.

तिची खरी चूक मात्र पुढची. रजा मिळाल्याचं तिने घरी सांगितलं.

आता, शहाणी बाई काय करते? डबा घेते, साडी नेसते, ऑफिसला निघाल्यासारखी खाली उतरते आणि सगळे गेले की गुपचूप परत येते. पण अलकनंदा कोकणातल्या शाळामास्तरांची मुलगी. एका आठवड्यात एकच खोटं बोलायचं, असं तिचं वळण. रात्री जेवताना ती म्हणाली, "सोमवारपासून पाच दिवस मी घरी आहे."

"अरे वा!" सुधन्वा म्हणाला. तिचा नवरा वाईट माणूस नाही बरं का. निर्व्यसनी, हसतमुख, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. "आता तू घरीच आहेस तर..."

ह्या पाच शब्दांनी किती बायकांच्या रजा खाल्ल्या असतील, ह्याचा हिशेब कुठल्याही मंत्रालयात नाही. आता तू घरीच आहेस तर आरओचा फिल्टर बदलून घे. गीझरवाल्याला बोलाव. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पार्किंगचं स्टिकर आण. सुधन्वाने यादी फ्रिजवर लावली आणि वर 'आरामात कर, घाई नाही' असं लिहून एक हसरा चेहराही काढला.

दुसऱ्या दिवशी सोनमने ऐकलं. तिला अलकनंदापेक्षा जास्त आनंद झाला. "दीदी, आप पाँच दिन घर पे हो? फिर तो मैं गाँव हो आती हूँ. मेरी भी छुट्टी हो जाएगी," असं म्हणून तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि ती आपल्या गावी, एटाला, निघूनही गेली. अलकनंदाने कपाळाला हात लावला. पण सोनमलाही माणसासारखं झोपावंसं वाटत असेलच की! तिला 'नको जाऊस' म्हणायला अलकनंदाचं तोंड उघडेना.

आणि रविवारी संध्याकाळी शिवांजलीने वर्गाच्या ग्रुपवर टाइमटेबल बघायला आईचा मोबाईल घेतला. त्यात रजेच्या मंजुरीचा कागद आला होता.

"आई," ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दिल्लीत जन्मलेली पोर, मराठी बोलते पण मध्ये मध्ये हिंदीचे डबे जोडलेले. "आई, 'पुत्री के गणित में अत्यंत कमज़ोर होने के कारण' म्हणजे मी?"

अलकनंदाच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

"अगं, ते ऑफिसचं असतं. तसं लिहावं लागतं."

"पण मला तर फॉर्टी आउट ऑफ फॉर्टी होते."

"होते ना."

"मग मिसने तुला काही सांगितलं काय? सच्ची सांग. मी वीक आहे?"

आता खरं सांगायचं म्हणजे, आई सरकारशी खोटं बोलली, असं पोरीला सांगायचं. वर पुन्हा, ते खोटं तुझ्या नावावर, आणि कशासाठी, तर तू घरात नसताना मला झोपता यावं म्हणून. हे कुठल्या तोंडाने सांगणार? अलकनंदाने तवा उतरवला आणि म्हणाली, "तसं काही नाही गं. जरा अपूर्णांक बघू या."

"अपूर्णांक म्हणजे?"

"फ्रॅक्शन."

"ओह." शिवांजलीचा चेहरा एवढासा झाला. "मला तर वाटायचं, फ्रॅक्शन मला येतात."

ती खोलीत गेली आणि अपूर्णांक काढून बसली. अलकनंदाला त्या रात्री झोप लागली नाही. झोपेसाठी रजा काढली आणि होती ती चार-पाच तासांची झोपही हातची गेली!

सोमवार उजाडला. नवरा गेला, मुलगी गेली. घर शांत. अलकनंदाने भांडी घासली (सोनम एटाला), केर काढला, आणि सव्वादहाला बाल्कनीच्या दाराशी गादी ओढून ती रजईत शिरली. ऊन पायांवर आलं होतं. डोळे मिटले. देवा, काय सुख!

बेल वाजली. आरओवाला. फिल्टर बदलून, पाणी सांडून, ते पुसून, ती पुन्हा रजईत शिरली. बेल वाजली. गीझरवाला. "मॅडम, कॉइल गया है, मार्केट से ला के आता हूँ," म्हणून तो गेला, तो तासाभराने येतो, तर मग झोपायचं कसं? दार कोण उघडणार? ती रजई पांघरून सोफ्यावर बसून राहिली. तो आला, ठोकाठोक करून गेला, आणि त्याच लिफ्टने शिवांजली वर आली. परीक्षेच्या दिवसांत शाळा बाराला सुटते, हे अलकनंदाला ठाऊक नव्हतं. कसं असणार? एरवी शिवांजली सोसायटीतल्या पाळणाघरात उतरायची आणि संध्याकाळी सातला घरी यायची.

"आई, तू घरी आहेस!" शिवांजलीने दप्तर टाकून तिच्या कमरेला मिठी मारली. दुपारी बाराला आई दार उघडते, ही गोष्ट पोरीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. अलकनंदाला भरून आलं, आणि त्याच वेळी आपलेच कान उपटावेत असंही वाटलं. मग दोघी जेवल्या आणि सहापर्यंत अपूर्णांक झाले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, हे आपण ऐकतो. अलकनंदाच्या झोपेला सतराशे एकावं विघ्न आलं ते सोमवारी संध्याकाळी. हवा बिघडली. ती दिल्लीत दर हिवाळ्यात बिघडते, पण ह्या वेळी अकराव्या मजल्यावरून समोरचा टॉवर दिसेना. मोबाईलवर एकापाठोपाठ मेसेज आले. शाळा बंद. चाचणी मात्र होणार, घरून, ऑनलाइन. आणि खाली ठळक अक्षरांत: परीक्षा चालू असताना एक पालक विद्यार्थ्याच्या मागे, कॅमेऱ्याच्या चौकटीत बसलेला असावा.

"परफेक्ट!" सुधन्वा खुर्चीवरून उठलाच. "आमच्याही कंपनीने आठवडाभर घरून काम सांगितलंय. आणि नशीब बघ, तू रजेवर आहेस."

अलकनंदाने नशिबाकडे बघितलं. ते समोरच्या टॉवरसारखंच धुरात गेलेलं होतं.

मंगळवार. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर घूं घूं करतोय, ऊन नावालाही नाही. हॉलमध्ये सुधन्वा मोठमोठ्याने "कॅन यू सी माय स्क्रीन?" असं गुरुग्रामला विचारतोय. जेवणाच्या टेबलाशी शिवांजली इंग्लिशचा पेपर लिहितेय आणि तिच्या मागे खुर्चीत अलकनंदा, चौकटीत. मध्येच सुधन्वा माइक बंद करून भुवया उडवतो. त्याचा अर्थ चहा. दुपारी तिघांचं गरम जेवण, कारण नवरा घरी असला की त्याला डब्यातलं चालत नाही, जरी तेच पदार्थ तो रोज गुरुग्रामला डब्यातून खातो. भांडी पुन्हा तिचीच.

बुधवारी विज्ञान. उबदार खोली, प्युरिफायरची घूं घूं, समोर पोरीचं पेन कागदावर चालल्याचा बारीक आवाज. अलकनंदाची मान हळूहळू पुढे गेली.

"शिवांजली की मम्मी!" लॅपटॉपमधून बाईंचा आवाज आला. "प्लीज़ आँखें खुली रखिए. बाकी पैरेंट्स देख रहे हैं."

तिने दचकून डोळे उघडले. पडद्यावर चौतीस चौकोन होते आणि चौतीसांपैकी एकोणतीस चौकोनांत एकेक आई. सगळ्यांचे डोळे लाल. एका आईने डोळ्यांवर बर्फ धरला होता. अलकनंदाला बाकीच्या अठ्ठावीस जणींना विचारावंसं वाटलं, बायांनो, तुम्ही काय सांगून रजा काढलीत? पण माइक बंद होता.

गुरुवारी दुपारी सगळं अंगावर आलं. त्या दिवशी पेपर नव्हता, दुसऱ्या दिवशी गणित. शिवांजलीने सकाळपासून एकशे बारा गणितं सोडवली होती आणि सगळी बरोबर होती. एकशे तेराव्याला तिने पेन ठेवलं.

"आई, मला भीती वाटते."

"कसली?"

"मला वाटतं माझं करेक्ट आहे. पण वीक मुलांना कळतच नाही ना की ते वीक आहेत? तुझ्या ऑफिसने पण लिहिलंय. 'अत्यंत' लिहिलंय."

तिचे ओठ थरथरायला लागले. अलकनंदाला राहवलं नाही. तिने वही मिटली, पोरीला जवळ ओढलं आणि बोलून टाकलं.

"शिवू, तू वीक नाहीस. मीच खोटं सांगितलं. मला रजा हवी होती, कारण मला झोपायचं होतं."

शिवांजलीने डोळे पुसले. "झोपायचं? फक्त?"

"फक्त."

"आजारी आहेस?"

"नाही गं. दमलेय. तुझा कंटाळा नाही, बाबांचा नाही, ऑफिसचाही नाही. नुसती दमलेय. मला तीन तास असे हवेत की कुणी मला हाक मारायची नाही."

 पोरगी रागावेल, रुसेल, 'माझ्यासाठी नाही घेतलीस तर' म्हणेल, असं अलकनंदाला वाटत होतं.  शिवांजलीने घराकडे नजर फिरवली. हॉलमध्ये बाबा. टेबलावर लॅपटॉप. सिंकमध्ये भांडी. दाराशी धोब्याचं बोचकं.

"आई यार," ती म्हणाली, "मग इथे कशाला झोपतेस? ऑफिसला जाऊन झोप ना! तिथे आम्ही नसतो. उद्या फ्रेममध्ये बाबा बसतील, मी सांगते त्यांना."

अकरा वर्षांची पोर, पण घरातलं एवढं नेमकं निदान कुठल्या वैद्याने केलं नव्हतं. मंत्रालयात तिसऱ्या मजल्यावर लेडीज रूम होती. तिथे रेक्झिनचा एक लांबलचक सोफा होता. बायका दीडला डबे खायला यायच्या, तोवर तिथे काळं कुत्रंही फिरकत नसे. आणि ह्या आठवड्यात तर प्रदूषणामुळे निम्मा स्टाफ घरीच होता.

शुक्रवारी सकाळी अलकनंदा साडी नेसून, पर्समध्ये एक शाल आणि कानात घालायला कापूस घेऊन निघाली. सुधन्वाने विचारलं, "रजेत ऑफिस?" शिवांजलीनेच परस्पर सांगितलं, "बाबा, ती झोपायला चाललीय. आणि तुम्ही केस विंचरा, तुम्हाला फ्रेममध्ये बसायचंय." सुधन्वा हातात चहाचा कप धरून उभाच राहिला.

मेट्रोत ती मुद्दाम उभी राहिली. झोप वाया घालवायची नव्हती. राजीव चौकला बदलून, धुक्यातून चालत, दहाला दोन मिनिटं कमी असताना ती मंत्रालयाच्या दारात पोचली, आणि तेरा वर्षांच्या सवयीने तिचा उजवा हात आपोआप हजेरीच्या मशीनवर गेला. बोट टेकलं. मशीनने हिरवा दिवा दाखवला.

"अगं बाई!" अलकनंदा म्हणाली. पण आता बोट परत कसं घेणार? बघू नंतर, असं म्हणून ती जिना चढली. सरकारी नोकरीत तेरा वर्षं काढलेली बाई 'बघू नंतर' म्हणते, म्हणजे झोप किती चढली असेल ती बघा.

लेडीज रूम रिकामी होती. तिने कानात कापूस घातला, शाल डोक्यावरून ओढली आणि सोफ्यावर अंग टाकलं. मध्ये एक स्प्रिंग टोचत होतं. ते चुकवून तिने कूस बदलली. आणि मग, वाचकहो, अलकनंदा घारपुरे झोपली. फायली नाहीत, फ्रॅक्शन नाहीत, 'आता तू घरीच आहेस तर' नाही. काळी, जड, बिनस्वप्नांची झोप.

"घारपुरे जी!"

कापसातून आवाज आला. तिने शाल बाजूला केली. समोर अवर सचिव मॅडम उभ्या होत्या, धापा टाकत, हातात एक लाल फाइल. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

"पूरी बिल्डिंग में ढूँढ रही हूँ आपको. मशीन में आप नौ अट्ठावन पर आई हैं और सीट पर नहीं हैं. ड्यूटी पर सो रही हैं आप?"

"मॅडम, मैं... मैं छुट्टी पर हूँ."

"छुट्टी पर हैं तो यहाँ क्यों सो रही हैं?"

बिनतोड प्रश्न होता. अलकनंदा उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर रेक्झिनच्या रेघा, एका कानात कापूस. नोकरीवर गदा येणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. खोटं बोलायचं त्राण मात्र उरलं नव्हतं.

"घर पे जगह नहीं है मॅडम," ती म्हणाली. "मतलब जगह है, पर... बेटी गणित में बहुत अच्छी है. मुझे बस सोना था."

 मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना अलकनंदाने कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! त्या सोफ्याच्या टोकाला बसल्या, तळहाताने रेक्झिन दाबून बघितलं.

"मेरा बेटा बारहवीं में है," त्या म्हणाल्या. "वो सच में कमज़ोर है."

 मग मॅडमनी लाल फाइल तिच्या मांडीवर ठेवली. संसदेतून प्रश्न आला होता, दीडपर्यंत उत्तर जायला हवं होतं, आणि सेक्शनमध्ये आज मशीनच्या मते ती एकटीच हजर होती. प्रश्न असा होता: (क) महिला कर्मचाऱ्यांना बाल संगोपन रजा मिळते काय, (ख) असल्यास, त्यामुळे त्यांना घर, नोकरी आणि स्वतःचं आरोग्य ह्यांचा मेळ घालता येतो काय, आणि (ग) नसल्यास, त्याची कारणं.

"ड्राफ़्ट बना दीजिए. आज की छुट्टी कैंसल मान लेंगे, ड्यूटी लग जाएगी. एक दिन बच गया आपका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सँडल काढायला सुरुवात केली. "स्प्रिंग किधर है?"

"जी, बीच में. बाईं करवट ठीक रहेगी," अलकनंदाने सांगितलं. शालही दिली. कानातला कापूस तेवढा दिला नाही, तो बरा दिसला नसता.

"कोई पूछे तो मीटिंग में हूँ. एक बजे उठा देना." एवढं बोलून मॅडमनी शाल डोक्यावरून घेतली, आणि अलकनंदा दार ओढून बाहेर येईपर्यंत त्या घोरायलाही लागल्या होत्या.

आपल्या खुर्चीत बसून अलकनंदाने उत्तर टाइप केलं. (क) जी हाँ. (ख) पुढे ती बराच वेळ थांबली. मग तिथेही 'जी हाँ' लिहिलं. (ख) ला 'जी हाँ' म्हटल्यावर (ग) ला कारणं द्यावी लागत नाहीत, ही मोठी सोय असते. जोडीला माहिती द्यायची म्हणून तिने ह्या महिन्यातल्या लाभार्थींची संख्या टाकली. सेक्शनमध्ये एक.

साडेबाराला घरून फोन आला.

"आई, पेपर एकदम मस्त! सगळे सम्स आले!" शिवांजली ओरडत होती. "फ्रेममध्ये बाबा मोबाईल बघत होते, तर मिस त्यांना सगळ्यांसमोर ओरडली. तुझी झोप झाली?"

पोरीचा आवाज इतका आनंदात होता की अलकनंदाला दुसरं काही सुचेना. "हो गं," ती म्हणाली. "झाली. छान झाली."

"बाबा, झाली तिची झोप!" शिवांजलीने तिकडे सांगितलं, आणि फोन सुधन्वाने घेतला.

"झाली ना? वा, वा! खरं सांगू का, मला आज कळलं, तू काय करतेस ते. दीड तास नुसतं खुर्चीत बसून राहायचं म्हणजे काय, माझं तर अंग मोडून आलंय. शिवूही बिचारी आठवडाभर दमली. आम्ही दोघं आता रजई घेऊन जरा आडवे होतो. भांडी राहू देत, तू आल्यावर बघ. आणि तू आता फ्रेश आहेस, तर पाचला एक फोन करून उठव आम्हाला."

फोन बंद झाला. अलकनंदाने मोबाईलमध्ये दोन गजर लावले. एकचा मॅडमसाठी, आणि पाचचा घरच्यांसाठी.